शेवटच्या ओळीतलं नाव

बाजाची पेटी उघडली आणि आतल्या डांबरगोळ्यांचा वास आला, की मला देऊळघाटचं भजन आठवतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. कापूस वेचून आलेल्या बायांसमोर मी पेटीवर माझं पहिलं गाणं म्हटलं, सासरी गेलेल्या मैत्रिणीवर रचलेलं. भजनात रचणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं. तिथे मी घाबरून एका संताचं नाव घेतलं. सगळ्यांनी हात जोडले. मृदंगावरचे म्हातारे बुवा मात्र थांबले. "संताची मैतरीण कधी सासरी गेली वं? तुयं गाणं हाय, तुयंच नाव घे." मी पुन्हा म्हटलं, माझं नाव घेऊन. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. मागून एक बाई म्हणाली, "मायी लेक बी दूर हाय. तिच्यावर बी एक कर." ते दुसरं गाणं मी अजून गाते.