पेंट शॉपचा ग्राफ आणि पाचर्णेचं कुलूप

फॅक्टरीत आयटीचं काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत राव. "सिस्टीम चालंना" असा फोन आला की समजायचं, एक आलाच! आमच्या महाळुंग्याच्या प्लांटमध्ये तर एका ग्राफवरच ढीगभर जमलेत.

झालं असं, की पेंट शॉपमधून गेलेल्या पार्टचा रंग कस्टमरकडे सुटायला लागला. सगळ्यांनी बोट दाखवलं सेकंड शिफ्टच्या इन्चार्ज गायकवाड मॅडमकडे. "माल काढायच्या घाईत रंग भाजायचा ओव्हन गार ठेवला असणार!" मॅडम एवढंच म्हणायच्या, "ग्राफ काढा आणि बघा." कस्टमरचा माणूस तपासणीला यायला दोनच दिवस उरलेले. तोवर ग्राफ निघाला नाही तर मॅडमची इन्चार्जगिरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर फार वाईट वाटत होतं.

ओव्हनच्या तापमानाची नोंद होत होती. पण ग्राफ दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही नुकतंच कंटेनरमध्ये टाकलेलं, म्हणजे सर्व्हरवर त्याला वेगळी खोली दिलेली. खोलीतला युजर एक आणि डेटाच्या फोल्डरचा मालक दुसराच. उघडायला गेलं की 'परमिशन डिनाइड'!

*

प्लांट हेड साहेब स्वतः स्क्रीनपुढे येऊन बसले.

"मला परमिशन नाही? कोण नाही म्हणतंय?"

"सर, सॉफ्टवेअर."

"मग माझं नाव सांग ना त्याला!"

*

मी सांगितलं, "सर, फोल्डर ४७२ च्या नावावर करावा लागेल." सॉफ्टवेअरच्या त्या युजरचा तो नंबर. चहा पिऊन येतो तर साहेबांनी प्रेस शॉपमधून टोकन नंबर ४७२ च्या कामगाराला बोलावून घेतलेलं! बिचारा ग्लोव्हज हातात धरून उभा. "सायेब, आईशपथ, मी कॉम्प्युटरला हात बी लावला न्हाई!"

मी परोपरीनं समजावलं. साहेब काही ऐकेनात. "कंपनीचा डेटा कुठल्याही कामगाराच्या नावावर होणार नाही. विषय संपला!"

*

मग सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "सोप्पं आहे, सगळ्यांना सगळी परमिशन देऊन टाका." दिली. फोल्डर सगळ्यांना उघडा झाला, आतल्या फाइली मात्र तशाच बंद राहिल्या. ग्राफ काही निघाला नाही. संध्याकाळपर्यंत त्या फोल्डरमध्ये कुणाच्या तरी पुतण्याच्या बारशाचा व्हिडिओ येऊन पडला. क्वालिटीवाले म्हणाले, "जागा मोकळी दिसली."

*

आमचा मेंटेनन्सचा पाचर्णे इथलाच, गाववाला. तो भडकला. "उद्या कुणी मॅडमचा रेकॉर्ड पुसला म्हंजी?" त्यानं फोल्डर बंद केला, सर्व्हरच्या पॅनलला आपलं कुलूप घातलं, स्वतःच्या फोटोचा लाल टॅग अडकवला आणि भाचीच्या साखरपुड्याला तळेगावला निघून गेला. कस्टमर येण्याच्या दिवशीच!

आता हा टॅग म्हणजे आमच्याकडे मोठं प्रकरण. मशीनवर जितके जण कामाला, तितकी कुलपं लागतात, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, आणि शेवटचं कुलूप निघेपर्यंत कुणी मशीनला हात लावायचा नाही. मी म्हटलं, कुलपाला हात न लावता माझ्या टेबलावरून कमांड मारतो. सेफ्टीचे देशमुख मराठवाड्याचे, ते आडवे आले. "काय करायलाव? लाल टॅग दिसंना का?"

मॅडम खुर्चीवर नुसत्या बसून होत्या. मी पाणी दिलं, तेही प्यायल्या नाहीत.

शेवटी पाचर्णेला बोलावलं. गडी साखरपुडा सोडून फेट्यातच आला. देशमुखांनी दारात अडवला. "फेटा काढा, हेल्मेट घाला!"

कुलूप निघालं. कस्टमरची गाडी गेटवर. मी साहेबांकडे बघितलं.

"कर बाबा, कुणाच्याही नावावर कर!"

फोल्डर, आतल्या फाइलींसकट, ४७२ च्या नावावर केला. ग्राफ उघडला. मॅडमच्या प्रत्येक शिफ्टला ओव्हनची रेघ एकदम सरळ, जिथं पाहिजे तिथं. कस्टमरच्या माणसानं बघितली, फोटो काढला आणि म्हणाला, "मग आता रंगाचा लॉट तपासू."

तो गेल्यावर साहेब घसा खाकरत म्हणाले, "चला, मिटलं. मॅडम, मनावर घेऊ नका. पाचर्णे, लाव परत कुलूप."

पाचर्णेनं लावलं. मॅडम उठल्या. ड्रॉवरमधून आपलं कुलूप काढलं, आपल्या फोटोचा टॅग त्याला अडकवला आणि पाचर्णेच्या कुलपाशेजारी घालून चावी खिशात टाकली.

"माझं पण एक असू दे."