तिसऱ्यांची बालदी

नणंद सर्वण गावात दिली आहे. सातवा महिना लागला, आणि बाईसाहेबांचे डोहाळे काय, तर आईने खणलेल्या तिसऱ्या. बाजारच्या चालणार नव्हत्या! सासूबाई साठीच्या पुढच्या, पण सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीच्या चिखलात उतरल्या आणि टोपलीभर घेऊन आल्या.

तिसऱ्या लगेच शिजवत नाहीत. खाडीच्याच पाण्यात रात्रभर ठेवल्या की शिंपा किलकिल्या करून पाणी आत ओढतात, बाहेर टाकतात, त्याबरोबर पोटातली रेव ओकतात. सासूबाईंची त्यासाठी वेगळी बालदी. तिला कायम मासळीचा वास, आणि आमच्या मोरजीच्या घराला लागूनच पर्यटकांना दिलेल्या माझ्या दोन खोल्या; घाण वास आला की गिऱ्हाईक पळतं. त्या संध्याकाळी मी बालदी फिनेलने खसाखसा घासली आणि एकदाच विसळली. सुवास राहावा म्हणून मुद्दाम एकदाच. शहाणी ना मी!

रात्री सासूबाईंनी त्यातच भिजत घातलेल्या सगळ्या तिसऱ्या सकाळी आ वासून पडलेल्या. जिवंत तिसरी बोट लागताच मिटते. एक मिटेना. नणंद दहाच्या बसने यायची होती. घाबरले की माझं तोंड सुटतं.

"एवढ्याशा फिनेलने कुणी मरतं? त्यानेच तर लादी पुसते मी!"

सासूबाईंनी बालदी हुंगली. "लादी पाणी पिता काय गो? ह्यो तर दिसभर पाणीच पितत."

नणंद आली ती "वयनी, तिसऱ्या?" करतच. मी खरं ते सांगितलं. तिने समोर ठेवलेला पातळभाजी-पाव खाल्ला, पण डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी सुकतीला सासूबाई पुन्हा टोपली घेऊन निघाल्या. मीही मागोमाग गेले. पूर्वी त्या घरामागे खाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांखालीच खणायच्या, आता पार वळणापर्यंत चालल्या होत्या.

"आई, एवढ्या लांब कशाला?"

त्यांनी मागे बोट दाखवलं. माझ्या खोल्यांच्या न्हाणीचा पाइप पायऱ्यांशी सोडलेला होता. फिनेल, ॲसिड, साबण, सगळं तिथेच. चिखलावर पांढरा फेस होता.

"दोन वर्सां झाली, थंय एक गावणा नाय."

"मग मला सांगायचं नाही?" मी तडकलेच.

"त्याच खोल्यांच्या जिवार तुझ्या नणंदेचां लगीन झालां गो," त्या म्हणाल्या. "काय सांगू तुका?"