अण्णांचा धोटा

ट्रंक आवरताना मुलीच्या हाताला होडीसारखा, लोखंडी टोकांचा लाकडी तुकडा लागला. "आई, ये क्या है? खेळणं आहे का?"

मी तो हुंगला. तेलाचा आणि खळीचा वास अजून होता. "धोटा आहे. अण्णांच्या हातमागाचा."

सिंधीपुऱ्यातल्या घरात पुढच्या खोलीत माझे वडील, अण्णा, माग चालवायचे. धोट्यातलं सूत संपलं की सूत गुंडाळलेली नवी कांडी त्यात बसवायची, बाजूच्या भोकाला ओठ लावायचे आणि एका दमात सुताचं टोक बाहेर ओढायचं. पुढे खोकल्यानं त्यांचा दम पुरेनासा झाला. एका दुपारी तीनदा ओढूनही सूत येईना, तेव्हा त्यांनी धोटा माझ्यापुढे धरला. "जरा ओढून दे, माय."

शेजारची मैत्रीण बघत होती. मी म्हटलं, "तुमचं उष्टं आहे. मी नाही तोंड लावणार."

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं भोक नीट पुसलं आणि धोटा पुन्हा पुढे केला. मी खेळायला पळाले.

"मग हे भोक कशाला?" मुलीनं विचारलं.

मी शिवणाच्या डब्यातला दोरा आत सरकवला, भोकाला ओठ लावले. पहिल्याच दमात दोरा जिभेवर आला.