एपिफानियाला हवी असलेली चावी

लिमातल्या सेन्योरा ग्रासिएलांच्या घरी दर गुरुवारी मैत्रिणींचा पत्त्यांचा डाव बसे. पत्त्यांचा कंटाळा आला की एपिफानियाचा डाव सुरू होई.

एपिफानिया डोंगरातून आलेली मोलकरीण. तिची भाषा क्वेचुआ. स्पॅनिशमध्ये ‘हो सेन्योरा’ एवढीच पुंजी. तेवढ्यावर कित्येक नवऱ्यांचे संसार सुखात चालतात, पण मोलकरणीचं भागत नाही.

“ए डोंगरी, यावे आण गं!” सेन्योरा हाक मारत. आता स्पॅनिशमध्ये चावीलाही ‘यावे’ म्हणतात, नळाच्या तोटीलाही यावे, नट आवळायच्या पान्यालाही यावे आणि दिव्याच्या बटणालाही यावेच! ती काय घेऊन येते यावर मैत्रिणी बिस्किटांची पैज लावत. एकदा भिंतीवरचं बटण उचकटायचं कसं, म्हणून बिचारी रडवेली होऊन उभी राहिली. सेन्योरा ऑफेलियांना हसता हसता ठसका लागला. पाणी अर्थात एपिफानियानेच आणून दिलं.

तिला हवी होती एकच यावे, मागच्या दाराची. तिचा मुलगा शहराबाहेर वाळूच्या टेकडीवर, बहिणीकडे वाढत होता. रविवारी सुट्टी असे, पण दाराला कुलूप! शनिवारच्या मेजवानीतून घर जागं होईतो दुपार उलटे. पोरगं आताशा सख्ख्या आईलाच मावशी म्हणू लागलं होतं.

“माणसासारखं बोलायला शीक, मग देते चावी,” सेन्योरा म्हणाल्या होत्या.

ती शिकली. भांडी घासताना पुटपुटत शिकली, रेडिओवरच्या रडक्या मालिका ऐकत शिकली. आणि एका गुरुवारी “यावे आण!” अशी आरोळी आली तेव्हा पदर नव्हता म्हणून, नाहीतर तो खोचूनच ती पुढे आली असती.

“कुठली, सेन्योरा? दाराची, की पाण्याची? दिव्याची असेल तर इथेच दाबते.”

कुणी हसलं नाही. सेन्योरा ऑफेलियांच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं.

“अगं बाई, हिला कळतं की! म्हणजे गेल्या खेपेला मी आमच्या ह्यांचं बोलले, तेसुद्धा?”

एपिफानियाला वाटलं, परीक्षा अजून चालूच आहे.

“हो सेन्योरा!” ती आनंदाने म्हणाली. “तुमचे साहेब आणि त्यांची टायपिस्ट. सगळं कळलं.”

ऑफेलिया पर्स उचलून चालत्या झाल्या. सेन्योरा ग्रासिएलांनी एपिफानियाला बोचकं बांधायला सांगितलं. आज रविवार नव्हता, तरी पोराकडे जायची परवानगी मिळाली. कायमची.

“पण सेन्योरा, मी शिकले ना? तुम्हीच म्हणाला होतात…”

“आम्हाला हात हवे होते गं. तू कान आणलेस.”

मग त्यांनी तिच्या गावच्या पाद्रीबाबांना फोन लावला. “फादर, दुसरी पोरगी पाठवा. हो, हो, स्वयंपाक येत नसला तरी चालेल. फक्त स्पॅनिश येता कामा नये.”

दार उघडायची वाट बघत एपिफानिया बोचकं घेऊन शेजारीच उभी होती. फोनवरचा कुठलाच शब्द तिला अडला नाही.