माहेरी राहिलेलं नाव

घोडबंदर रोडवरून निघालेल्या माणसाने कुठे जाणार ते सांगावं, कधी पोहोचणार ते सांगू नये. शनिवारी सकाळी मी डोंबिवली-कल्याणला निघाले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "जेवायला येशील ना?" मी म्हटलं, "रात्रीच्या जेवणाला धर." माजिवड्याच्या पुलाखाली टॅक्सी अडकली तेव्हा तेही जरा जास्तच सांगितलं असं वाटलं.

प्रवासाचं कारण साधं होतं. रविवारी माझ्या भावाच्या मुलीचं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या मी एकटीच. गेल्या वर्षी आमची आजी गेली. तिचं नाव बाळाला द्यावं असं मी घरात बोलून दाखवलं, तर आईने ते तिथल्या तिथे मोडून काढलं. "सासूबाईंच्या नावाने मी त्या पोरीला ओरडू कशी? 'सुमती, नाक पूस' म्हणू?" पण सुमती हे आजीचं सासरचं नाव, लग्नात बदललेलं. माहेरचं वेगळं होतं आणि ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा "माहेरचं नाव माहेरी राहिलं" एवढंच म्हणून ती पुन्हा मटार सोलायला लागली होती. ते नाव चालेल, असं आई म्हणाली, म्हणून ते शोधायला मी आजीच्या माहेरच्या माणसांकडे निघाले होते. ते मिळालं नाही तर वहिनीने फोनवर शोधून ठेवलेलं 'कियारा' ठरलेलंच होतं.

नावांच्या बाबतीत मी जरा हळवी आहे, हे इथेच सांगून टाकते. माझं नाव कुमुद. वर्गात चार सोनाली आणि तीन रूपाली असताना मी एकटी कुमुद होते. मुलं मला 'कुमुदकाकू' म्हणायची. त्यामुळे लग्न ठरल्यावर मला सर्वांत जास्त आनंद झाला तो नाव बदलणार याचा. 'मानसी' हे मीच निवडून नवऱ्याला सांगितलं होतं. तांदळाचं ताट पुढे आलं, त्याने अंगठीने 'मा' काढला, आणि आयुष्यात कधी कुणाच्या मध्ये न पडणारी आजी मध्ये आली. तळहाताने तिने तांदूळ सारखे केले, ताट उचललं आणि म्हणाली, "हिचं नाव आहे तेच राहील." सासरची माणसं चकित झाली. मी तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

माजिवडा सुटल्यावर नाशिकच्या रस्त्याने माणकोलीपर्यंत यायचं आणि तिथून नव्या पुलाने खाडी ओलांडून डोंबिवलीत उतरायचं. पूर्वी याच प्रवासाला शिळफाट्याचा वळसा पडायचा. पुलावरून दोन्ही बाजूंना खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन) दिसतं, आणि त्याच्या कडेला अर्धवट उभे टॉवर. टॅक्सीवाला तिथल्याच एका गावचा होता.

"तुमच्या आजीचं नाव काय हो?" मी त्याला विचारलं.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बाय."

"ते नातं झालं. नाव?"

"सगला गाव बायच बोलायचा, मॅडम. नाव कधी लागलाच नाय." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "आता बापाला विचारायला पायजे."

डोंबिवली पश्चिमेला आजीचा धाकटा भाऊ राहतो. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणतो. वय झालंय, पण अजून सकाळी भाजी स्वतः आणतात. मामीआजींनी दडपे पोहे पुढे केले. ओलं खोबरं, कच्चा कांदा, वर मिरगुंडाचा चुरा. आजीच्या हातची चव जवळजवळ होती, फक्त आजी लिंबू जास्त पिळायची. पोहे संपेपर्यंत मी विषय काढला नाही.

"तिचं नाव?" मामाआजोबा म्हणाले. "ताई."

"माहेरचं नाव, मामाआजोबा. शाळेतलं."

"अगं, तिचं लग्न झालं तेव्हा मी पाळण्यात. मी ताई म्हणायचो. आई बाळे म्हणायची. वडील म्हणायचे, 'ठाण्याची आली का?'" त्यांनी माझी रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली. "इतकी वर्षं राखी बांधली तिने मला. मी कधी विचारलंच नाही बघ."

त्यांचं बोलणं ऐकताना मी मनाशी उजळणी केली. आजोबा तिला 'अगं' म्हणायचे. दीर 'वहिनी', मुलं 'आई', नगरपालिकेच्या शाळेतली पोरं 'बाई'. रेशनकार्डावर सुमती होती, पण त्या नावाने तिला हाक मारल्याचं मला आठवत नाही. तीस वर्षं तिने शाळेत शिकवलं, रोज सकाळी हजेरी घेऊन शंभर पोरांना नावाने ओळखलं. तिला नावाने ओळखणारं एकही माणूस त्या दिवशी मला माहीत नव्हतं आणि याचं मला फार वाईट वाटलं.

निघताना मामीआजी म्हणाल्या, "कल्याणला पारनाक्याजवळ, माहेरच्या गल्लीत, ताईंची एक मैत्रीण होती. वच्छी. लग्न होऊन त्याच गल्लीत राहिली म्हणे. असेल तर असेल."

रिक्षाने कल्याण गाठलं. बाजारातून पुढे जुन्या वस्तीकडे शिरलं की कल्याणचा आवाज एकदम कमी होतो. आजीचं माहेरचं घर होतं त्या जागी सात मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलची दुकानं. तिथून पुढे मी "वत्सलाबाई कुठे राहतात?" असं विचारत गल्ली दोनदा पालथी घातली. पिठाच्या गिरणीत विचारलं, किराणावाल्याला विचारलं. एका वत्सलाबाईंच्या दारापर्यंत पोहोचलेसुद्धा, पण त्या माझ्याहून लहान निघाल्या आणि पाणी देऊन त्यांनी मला वाटेला लावलं. शेवटी देवळाजवळच्या फूलवालीने मला थांबवलं.

"नावाने नाही कळणार ताई. करतात काय त्या?"

माझ्याकडे एवढंच होतं, की मामीआजींच्या म्हणण्याप्रमाणे वच्छीला भोंडल्याची सगळी गाणी पाठ होती.

"मग असं बोला ना. सरोजकाकू. समोर पहिला मजला."

मी कपाळाला हात लावला. नाव बदललेल्या बाईचं नाव शोधायला निघालेली मी, दुसऱ्या नाव बदललेल्या बाईला जुन्या नावाने हुडकत होते.

सरोजकाकू खुर्चीत बसून वाती वळत होत्या. सून मला आत घेऊन गेली. मी नमस्कार केला आणि सवयीने म्हटलं, "मी कुमुद. तुमच्या लहानपणच्या मैत्रिणीची नात."

त्यांनी चष्मा वर केला. "कुमुद माझ्या मैत्रिणीचं नाव. तुझं काय?"

"माझंच."

"तिचं होतं गं ते. समोरच्या घरातली. मी वच्छी, ती कुमुद. तुझं विचारतेय मी."

सुनेने मध्ये पडून समजावलं. सरोजकाकूंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "लग्नानंतर दोनदा भेटली," त्या म्हणाल्या. "जिन्यातूनच ओरडायची, 'वच्छे, मला जोरात हाक मार.' मी मारायची. मग हसायची. वेडी होती."

चहा पिताना त्यांनी आणखी बरंच सांगितलं, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला आमची नौपाड्यातली गल्ली आठवत होती. संध्याकाळी खेळायला गेलं की आजी फाटकात उभी राहून हाक मारायची, पूर्ण, मोठ्याने, कधी कुमी नाही की कुमू नाही. शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायचं आणि मला लाज वाटायची. माझ्या बारशाला आत्याच्या कानाशी कोण लागलं असेल, हे आता विचारायला नको होतं. त्या घरात ते नाव मोठ्याने घ्यायची तिला एवढीच सोय होती.

परतताना पुन्हा माजिवड्याला अडकले. या वेळी काही वाटलं नाही.

आधी नौपाड्याला माहेरी गेले, तिथे सगळे वाट बघत होते. "मिळालं?" भावाने विचारलं.

"मिळालं. पण ते आधीच देऊन झालंय," मी म्हटलं आणि कोणाला ते सांगितलं. आई खाली बसली. वहिनीचा जीव मात्र भांड्यात पडल्याचं दिसलं.

रविवारी पाळण्यापाशी मी वाकले. "कुर्रर्र" केलं आणि बाळाच्या कानात कियारा सांगितलं. चांगलं नाव आहे, तिचं तिला. मागे बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला टपून उभ्याच होत्या. तेवढ्यात मी आणखी एक वाक्य सांगून घेतलं.

"मोठी झालीस की मला नुसतं आत्या म्हणू नकोस. कुमुद म्हण. जोरात म्हण."