मागच्या टाकीचा काटा

लालातात्या फौजेत ड्रायव्हर होते. लडाखात ढगांच्याही वरून त्यांनी गाड्या हाकल्या. तेव्हा जन्मातलं मोठं नवल म्हणून ते बर्फाचं काहीतरी सांगतील, असं कुणालाही वाटेल. पण औंधच्या बाजारात कुणी विषय काढलाच, तर तात्या सांगायचे ते तेलाच्या काट्याचं. "टाकीत मिट्ट काळोख. त्यात एक फुगा तेलावर डुलतोय, आन् हितं म्होरं काटा सांगतोय, किती उरलंय त्ये! पोटातलं वळखतोय गड्या त्यो!" ऐकणारे हसायचे. तात्यांना मात्र हा चमत्कार कधी शिळा झाला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी फौजेच्याच लिलावातली पिकअप आणली. तिला टाक्या दोन आणि काटा एकच. काट्याखालचं बटण वर केलं की पुढच्या टाकीतलं तेल दिसायचं, खाली केलं की मागच्या. भावकीनं तिला 'दोन पोटाची म्हस' असं नाव ठेवलं. मलकापूरच्या नर्सरीतून रोपं भरायची आणि कोयनेपासून सांगलीपर्यंत पोचवायची, यात तात्यांचं म्हातारपण झकास चाललं होतं. गाडीवर जीव इतका, की दारसुद्धा पाळण्यातलं पोर उठू नये अशा बेतानं लावायचे. त्यांचा मुलगा उदयसिंह मात्र तेच दार असं आपटायचा, की गोठ्यातली गुरं माना वर करायची.

खंडेनवमी आली की तात्यांना आवरणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. अवजारं पुजायचा दिवस, आणि त्यात फौजेतली रंगाची सवय! गाडी धुवायची, घासायची आणि वरपासून खालपर्यंत रंगवायची. "जरा येळ हितं हुबी ऱ्हायले तर मलाबी रंग द्याल," तात्यांच्या पत्नी अंबूबाई म्हणायच्या. यंदा तर तात्यांनी मागची टाकी खाली उतरवली, तिच्या आडचं लोखंडही काळ्या रंगानं चकचकीत केलं आणि मग टाकी परत बसवली. गाडीला झेंडूचा हार घातला तेव्हा ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

दसरा सरला आणि घोर लागला.

एका संध्याकाळी त्यांनी दोन्ही टाक्या भरून आणल्या. सकाळी उदयसिंहाला शेजारी बसवून निघाले आणि थोडं पुढं गेल्यावर बटण खाली केलं, तर मागची टाकी रिकामी. तात्या चरकले. काल पंपावर उभे राहिल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं. पण फौजेनं शिकवलं होतं, माणूस चुकतो, काटा चुकत नाही. आपण नुसतं मनात भरलं असेल, असं म्हणत त्यांनी गाडी पंपावर घेतली. उदयसिंह उतरला आणि त्यानं सवयीप्रमाणे दार आपटलं. इकडं नळी घालताच तेल भसाभस बाहेर सांडलं.

"आवं तात्या, काल सांजच्याला तुमीच भरून न्हेली की!" पंपावरचा आकाराम ओरडला.

उदयसिंहानं खिडकीतून काटा पाहिला. काटा भरलेला.

असं मग पुन्हा पुन्हा झालं. तात्या एकटे बघायचे तेव्हा टाकी रिकामी. "उदय, बघ रं जरा," म्हणून हाक मारली, की पोरगा येऊन दार आपटून शेजारी बसायचा आणि काटा शहाण्यासारखा वर. तात्यांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांचे थोरले भाऊ आप्पासो शेवटी शेवटी स्वतःच्याच उंबऱ्यावर उभं राहून "ह्ये घर कुणाचं?" विचारायचे. तेच आता सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. एक दिवस उदयसिंहानं खाली मान घालून किल्ली मागितली. "तात्या, आता गाडी मी चालवतो." तात्यांनी ती खिशातून काढून दिली. त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यातला जोर गेला, आणि सकाळी काय जेवलो ते संध्याकाळी स्वतःशीच घोकायचा नाद लागला. भ्याले होते हो, दुसरं काय!

मग एकदा उदयसिंह कोयनानगरला कलमं पोचवायला निघाला. करमणूक म्हणून त्यानं तात्यांना बरोबर घेतलं. घाट चढून गेल्यावर तो टपरीवर चहाला उतरला. तात्या गाडीतच बसले. गाडी बंद होती, पण गाणी ऐकायला किल्ली फिरवून ठेवली होती. तात्यांनी बटण खाली केलं. काटा हळूहळू रिकाम्यावर आला. तात्या त्याच्याकडं वैऱ्याकडं बघावं तसे बघत राहिले.

आणि जमीन हलली.

आधी खोल कुठंतरी घरघर झाली, मग टपरीवरचे कप किणकिणले. कोयनेच्या माणसांना त्याचं काय! चहावाल्यानं उकळत्या पातेल्याची कड चिमट्यात धरली, इतकंच. पण गाडी डुलली, आणि तात्यांच्या डोळ्यांसमोर तो काटा सरसर उठला, पार भरलेल्यापर्यंत गेला, थरथरला आणि परत खाली पडला. तात्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढा डोंगर, एवढं धरण, त्याच्या बुडाची ती अजस्र धरणी जराशी कूस बदलते काय, आणि आपल्या फुटक्या गाडीतली चूक नेमकी दाखवून देते काय! त्यांनी नकळत हात जोडले. धक्का लागला की काटा उठतो. म्हणजे उदयच्या दारानंही उठत असणार. कुठंतरी काहीतरी टेकतंय आणि सुटतंय.

ते कुणाशी बोलले नाहीत. हल्ली त्यांच्या बोलण्यावर सगळे नुसती मान हलवायचे.

सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. "संयोगिता, किल्ली घिऊन ये आन् आत बस. काटा कुठं हाय त्ये फकस्त वरडून सांग."

"आवं पण तात्या, ह्यांनी..."

"तू बस गं!"

आधी त्यांनी दार हलकेच लावलं. "रिकामी!" संयोगिता म्हणाली. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा ते दार आपटलं. "भरली!" ती दचकून ओरडली. तात्या थांबले, काटा पडू दिला, आणि पोत्यावर उताणे होऊन गाडीखाली सरकले.

फुग्याकडून एक तार काट्याला जाते. विजेची परतीची वाट मात्र गाडीच्या लोखंडातून असते. त्यासाठी टाकीची छोटी तार एका बोल्टानं उघड्या लोखंडाला आवळलेली असते. तात्यांनी तो बोल्ट शोधला. काळाभोर, चकचकीत. तारेखालचं लोखंडही तसंच काळं. रंग त्यांचाच, कुंचला त्यांचाच. देवासाठी नटवायच्या भरात त्यांनी वाटच बुजवून टाकली होती.

त्यांनी बोल्ट सोडवला, चाकूनं रंग खरवडला. खालून पांढरंशुभ्र लोखंड उघडं पडलं. तार टेकवली, बोल्ट आवळला.

"उठला! तात्या, काटा उठला!" वरून संयोगिता ओरडली. "भरल्याली हाय टाकी!"

तात्यांनी टाकीवर मूठ आपटली, दोनदा आपटली. "आता?"

"हलतबी न्हाई!"

खालून काही आवाज येईना. संयोगिता घाबरून उतरली आणि वाकून बघू लागली. तात्या उताणेच पडले होते, तळवा टाकीच्या पोटाला लावलेला, आणि डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळत होतं.

"म्हंजे मीच भरली हुती," ते म्हणाले. "पोरी, मला आठवत हुतं त्ये खरं हुतं."

आरडाओरडा ऐकून उदयसिंह दारात आला होता. त्यानं सगळं ऐकलं. त्यानं गाडीतली किल्ली काढली आणि तो गाडीजवळ मातीत बसला. एवढ्यात गाडीखालून खरवडलेल्या रंगाच्या काळ्या भुकटीनं माखलेला एक हात बाहेर आला आणि उघडाच थांबला. उदयसिंहानं किल्ली त्यावर ठेवली.