रक्त जपून देणाऱ्या रेहाना मॅडम

मी सर्जन म्हणून बीडला नवा रुजू झालो, तेव्हा भूलतज्ज्ञ डॉ. रेहाना मॅडम मला पहिल्यांदा दिसल्या त्या एका पेशंटच्या नवऱ्याशी वाद घालताना.

पेशंट होत्या आष्टीकडच्या मंदाबाई. गर्भाशयातल्या गाठीमुळे महिनोन्महिने रक्त जाऊन त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. ऊसतोडीला जाणारी गाडी लवकरच निघणार होती. त्यांचे यजमान बाबूराव म्हणत होते, "दोन बाटल्या रक्त चढवा अन् उद्याच आपरेशन करा. आठ दिसांत निघायचं हाय."

मॅडम त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. "दुसऱ्याचं रक्त म्हंजी सलाईन न्हाई, बाबूराव. त्याचाबी तरास होऊ शकतो. जिवावर बेतलं तर लगेच देईन. पण आता सवड हाय, तर यांचं सवताचं रक्त वाढवू. अन् आपरेशन झाल्यावर आठ दिसांत ऊसतोड? अजिबात न्हाई."

"मंग फडात माझ्या जोडीला कोण?"

मॅडमनी मंदाबाईंकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं हाय?"

त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "मला उभं ऱ्हावत न्हाई, बाई. मी थांबते."

बाबूराव तणतणत बाहेर गेले. संध्याकाळी परतले, ते भावाला जोडीला घ्यायचं ठरवूनच.

रक्तस्राव कमी करणारी औषधं आणि शिरेतून लोहाची इंजेक्शनं सुरू झाली. मॅडम मंदाबाईंसाठी घरून डबा आणत. चेहऱ्यावर रंग आल्यावर ऑपरेशन ठरलं आणि रक्ताची पिशवी तयार ठेवली. गाठ काढताना बरंच रक्त गेलं. मी घाबरून विचारलं, "लावायची का?" नाडी, रक्तदाब पाहत मॅडम म्हणाल्या, "अजून नाही. तुम्ही टाके घ्या." पिशवी लागलीच नाही.

त्याच दुपारी चकलांब्याची एक बाळंतीण रक्तानं भिजलेली आली. रक्तगट तोच निघाला. रक्त जुळतंय याची खात्री होताच मॅडमनी ती पिशवी स्वतः लावली, आणि पुढची येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. ती वाचली. हात कधी आखडायचा आणि कधी मोकळा सोडायचा, हे मी त्या दिवशी त्यांच्याकडून शिकलो.

मॅडम आता साठीच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, पण स्टूल पुढे केलं तर रागावतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं. आणि ऑपरेशनच्या टेबलावर, पेशंटच्या उशाशी, आम्हाला आणखी पुष्कळ वर्षं त्याच दिसाव्यात.